पचनवादी

आष्टीत (बीडची नव्हे, वर्ध्याची, १९४२ च्या ऑगस्टनंतर ‘शहीद आष्टी’ झालेली) रविवारी दुपारी जेवणं आटोपली की अंगणात एक गृहस्थ उष्टं ताट घेऊन उभे असतात. ताटात मासोळीचा उरलेला रस्सा, त्यात कुस्करलेली अर्धी भाकर, कडेला काट्यांचा ढीग. समोर शेपूट हलवणारं गावठी कुत्रं, नाव बहुधा मोती, टायगर नाहीतर शेरू. ‘एवढे काटे घालता?’ असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: ‘काई होत नाई त्याले. कुत्रं हाय थे, गोटे पचवते!’ हे गृहस्थ एकच नाहीत, गल्लीत दोन तरी सापडतात. त्यांना पचनवादी म्हणू. देव, सरकार आणि कापसाचा भाव यांवरचा त्यांचा विश्वास अधूनमधून डळमळतो. कुत्र्याच्या जठरावरचा कधीच नाही.

पचनवादी निर्दय नसतो, हे आधी मान्य करायला हवं. कुत्र्यावर त्याचा जीव असतो. तो त्याला घरातलाच मानतो, इतका की गुरुवारी आणि श्रावणात घराबरोबर कुत्राही शाकाहारी होतो. दत्ताच्या पायाशी बसणाऱ्या कुळाला ते शोभतंही. पण घरातल्यांची उतरंड मासोळीच्या ताटात उघडी पडते. इकडे वर्धा नदी, पलीकडे मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याचं ऊर्ध्व वर्धा धरण. रोहू, कतला, मिरगल या भागाला नवीन नाहीत. मरळीच्या मांसात मात्र त्यांच्यासारखे आडवेतिडवे बारीक काटे नसतात, म्हणून ती जावयाला. रोहूच्या पोटाचा तुकडा घरधन्याला. आणि शेपटाकडचा भाग, जिथे दुबेळक्याच्या आकाराचे केसासारखे काटे दाटलेले असतात, तो ज्याला काटा काढायला बोटं नाहीत आणि जो चावायच्या आधी गिळतो, त्याला.

आता सिद्धान्त तपासू. त्यात अर्धं तथ्य आहे. कुत्र्याच्या जठरातलं आम्ल जबर असतं आणि हाड तिथे मऊ पडतं. पण जठराच्या आधी घसा आणि अन्ननलिका लागते, तिथे आम्ल नसतं. काटा अडतो तो तिथेच. मग पचनवादी भाताचा गोळा किंवा कोरडी भाकर कोंबतो. त्याने काटा खाली उतरण्याऐवजी आणखी रुतू शकतो. कुत्र्याची लाळ गळतेय, मान ताणून ते पुन्हा पुन्हा आवंढा गिळतंय, एवढं दिसलं की तो विषय ढोरांच्या दवाखान्याचा. तरी काटा निदान दिसतो. खरी मेख रश्श्यात आहे. आपल्याकडच्या वाटणात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, आणि वर लालभडक तर्री. तिखटाने कुत्र्याचं पोट बिघडेल. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं मात्र त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि भाजल्या-शिजवल्याने ती निष्प्रभ होत नाहीत. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधेचा धोका धरतात. १२ किलोच्या शेरूचा हिशेब ६० ग्रॅमवर येतो, म्हणजे एक बेताचा कांदा. थोडाथोडा वारंवार गेला तरी नुकसान होतंच. आणि ते त्याच दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळपट तांबूस होते. रविवारचा रस्सा आणि गुरुवारचा अशक्तपणा यांची सोयरीक लावणार कोण? ‘वारं बदललं,’ असं म्हणून पचनवादी मोकळा होतो. पुरावा उशिरा येतो, म्हणून सिद्धान्त शाबूत राहतो.

त्याचा पुढचा मुद्दा पिढीजात असतो: ‘आमच्या बापजाद्यापासून कुत्रे हेच खात आले.’ खरं आहे. पण जी जगली ती अंगणात दिसतात. जी गेली त्यांची नोंद ग्रामपंचायतीत होत नाही. कोकणातली कुत्री मासळीवरच जगतात, हा त्याचा जोडमुद्दा. तिथेही हिशेब जगलेल्यांचाच चालतो. मग शिकलेला पचनवादी निसर्गाकडे वळतो: लांडगा कुठे शिजवून खातो? लांडग्याची साक्ष मात्र उलटी पडते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लांडगे नदीतला सामन पकडतात तेव्हा बहुतेक वेळा नुसतं डोकं खाऊन धड टाकून देतात, असं अभ्यासकांनी पाहिलंय. म्हणजे रानटी भाऊबंदही निवडून खातो. आणि कच्च्या मासोळीचा खटला केव्हाच निकाली निघालाय. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चॅस्टेक यांच्या फार्मवरचे पाळीव कोल्हे लुळे पडून मरू लागले. त्यांच्या खाण्यात कच्ची कार्प मासोळी होती. अशा काही माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं विकर असतं. शिजवलं की ते निकामी होतं. कोल्हा हा कुत्र्याचाच चुलतभाऊ आणि रोहू-कतला कार्पच्याच कुळातले, त्यामुळे इथे ‘तिकडचं इकडे लागू नाही’ म्हणायची सोय नाही. मासोळी साफ करताना कुत्र्यापुढे फेकली जाणारी आतडी-पित्ताची गुंडाळी तर वेगळंच प्रकरण. औषध म्हणून रोहूचं कच्चं पित्त गिळलेल्या माणसांची मूत्रपिंडं बंद पडल्याचं आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवलंय.

हे ऐकून दुसऱ्या टोकाला उडी मारणारेही आहेत. त्यांच्या कुत्र्याला नदीची मासोळी वर्ज्य, आणि सामनच्या चित्राची पिशवी कुरिअरने येते. तोही अतिरेकच. मासोळीत उत्तम प्रथिनं असतात, कुत्र्याला ती रुचते, आणि एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत वरखाऊ म्हणून द्यायला हरकत नसते. पहिल्यांदा चिमूटभर द्यावी, अंगाला खाज सुटत नाही ना ते पाहावं. सुकट खारवलेली असते, ती टाळलेलीच बरी.

शेवटचा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो गरिबाचा आहे: जिथे माणसांचंच कसंबसं शिजतं, तिथे कुत्र्यासाठी वेगळी चूल कोण पेटवेल? पण वेगळी चूल लागतच नाही. हळद-मीठ लावायच्या आधी एक तुकडा बाजूला काढायचा, साध्या पाण्यात उकळायचा, बोटांच्या चिमटीत मांस दाबत दाबत काटे वेचायचे आणि भातात कालवायचा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. कसब तर पचनवाद्याच्या हातात आधीपासूनच आहे. मांडीवर बसलेल्या नातवासाठी तो रोहूचा तुकडा असाच चिवडतो, उजेडाकडे धरतो, जिभेवर फिरवून पाहतो आणि मगच घास भरवतो. वेचलेले काटे ताटाच्या कडेला साचत जातात. दाराशी शेरू ताटकळत असतो, आणि ताट उचललं जातं.