काय म्हणता, तुमच्याकडेही दगड?

ऐकलंत का? लोक घरी वस्तरे पाजवताहेत! अर्धं ब्लेड खोचायचे नव्हेत. अख्ख्या पात्याचे, आजोबांच्या गालावरून फिरायचे तसले. ज्यांचा हा धंदा, त्या सलूनवाल्यांनी तो वस्तरा केव्हाच बाजूला ठेवला. एड्सची भीती पसरली तेव्हापासून गिऱ्हाइकादेखत ब्लेड मोडायचं, अर्धं खोचायचं, काम झालं की फेकायचं, असा शिरस्ता पडला. आणि आता कोण पुढे सरसावलंय? घरच्या विळीला धार लावून आणा म्हटलं की 'बघतो' म्हणून आठ दिवस विषय टाळणारे आमचे बाणेर-बोरिवलीचे सद्गृहस्थ! रात्री अकराला सिंकपाशी उभे राहून पोलाद घासताहेत. शोभतं का हे?

बरं, वस्तरा कसलाही चालेल? छे! झोलिंगेनचाच हवा. जर्मनीतल्या त्या गावाचं नाव भलत्याच पात्यावर कुणी ठोकू नये म्हणून १९३८ साली चक्क कायदा झाला. मग पात्याची रुंदी, तीही इंचाच्या आठव्या भागांत मोजायची. पाच-अष्टमांशाने सुरुवात करायची आणि सात-अष्टमांशापर्यंत पोचल्याशिवाय जेवण गोड लागू द्यायचं नाही. पूर्वी सात वस्तऱ्यांचा संच मिळे, प्रत्येकावर वाराचं नाव कोरलेलं. तो आता शोधून शोधून मिळवतात. आमच्याकडे सोमवारी सलून बंद, शनिवारी आई दाढी करू देत नाही. मग त्या दोन वस्तऱ्यांनी काय उपास करायचे? या हव्यासाला विलायतेतल्या शौकिनांनीच 'रेझर अ‍ॅक्विझिशन डिसऑर्डर' असं भारदस्त नाव दिलंय. निदान रोग्यानेच करायचं आणि औषध म्हणून आणखी एक वस्तरा मागवायचा!

पण वस्तरा परवडला, दगड नको. एक हजार ग्रिटवर धारेची बैठक बसवायची, मग चार हजार, आठ हजार, बारा हजार. इथे थांबेल तो शौकीन कसला? त्याला बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळसर 'कोतिक्युल' हवा. त्याच्या पोटात गार्नेटचे बारीक कण असतात. पाणी घालून छोट्या दगडाने त्याचं दूध काढायचं आणि थेंब-थेंब पाण्याने पातळ करत न्यायचं. जितकं पातळ, तितकी धार नाजूक. देवघरातल्या सहाणेवर ज्याने जन्मात गंध उगाळलं नाही, तो हे तासभर करतो! त्याच्याही पुढे क्योटोजवळच्या डोंगरांतले जपानी दगड. तिथे नाकापेक्षा मोती जड. शिवाय दगड सपाट हवा, म्हणून त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि हिऱ्याच्या प्लेटवर त्या पुसल्या जाईपर्यंत तो घासायचा. म्हणजे वस्तऱ्याची पाळी येईतो रात्रीचा एक.

खरं सांगायचं तर यातलं शास्त्र चार ओळींचं. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवा, कोन पाठच सांभाळते. दाब देऊ नका. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. वळवताना पाठीवरच कूस बदला, नाहीतर पट्टा फाडाल. नवशिक्याला 'पट्टा दाखवा बघू' म्हणा, लगेच चहाचं विचारतो.

आणि परीक्षा? लोंबत्या केसाची! धारेला केस टेकवला की तो तटकन तुटला पाहिजे. केसाने गळा कापणारे पाहिले होते. गळ्यावरून फिरायचं हत्यार केसाने तपासणारे आत्ता भेटले. तो केस बायकोच्या कंगव्यातून लांबवायचा, हे ओघाने आलंच. एवढी धार लावून दाढी करतात म्हणता? काहींनी तर छातीपर्यंत दाढी राखलीय. दाढी केली की धार मरते ना!

१९०३ साली जिलेटने वर्षभरात अवघे ५१ रेझर विकले आणि पुढच्याच वर्षी ९० हजारांवर. का? जगाला ही पाजवापाजवीची कटकट नको होती. आता लोक पैसे मोजून तीच कटकट विकत घेताहेत, अन् वर 'किती शांत वाटतं' म्हणताहेत! २०१२च्या 'स्कायफॉल'मध्ये मनीपेनी जेम्स बाँडची दाढी वस्तऱ्याने करते, तेव्हापासून कित्येकांचं डोकं फिरलं. पण बाँडला कोकणातला पावसाळा कुठे ठाऊक? पोलाद ते, चार दिवस बाथरूममध्ये राहिलं की तांबेरा. म्हणून पुसा, वाळवा, तेलाचा हात फिरवा आणि कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी निजवा. कापलंच तर फॉरेनचा 'अ‍ॅलम ब्लॉक' आहे. वाण्याकडची तुरटीच ती, पण खोक्यात आली की तिलाही मान!

तुम्ही का गालात हसताय? या मंडळींना ओळखायची खूण आम्हाला पक्की ठाऊक आहे. धार आली की नाही ते हे लोक डाव्या हाताच्या लवेवर बघतात, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत हात कसा गुळगुळीत. भर मे महिन्यात तुम्ही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलाय. डावी बाही जरा वर करा बघू.