पोट्ट्यानं बँड काढला म्हणते

हाव वहिनी, समजलं मले. स्टेशन रोडपर्यंत गेली ना बातमी, नागपूरच्या कॉलेजात तुमच्या पोट्ट्यानं बँड काढला म्हणून. दूधवाला तर वरातीचे भाव विचारून राह्यला होता. मीच म्हटलं त्याले, बाबू, हा बँड वेगळा, याच्यात ना गणवेश ना सुपारी. तर तो म्हणते, मंग पैसे कोण देते? आता पाहा, सगळा प्रश्न त्यानं एका दमात मांडला, अन् आपण पोट्ट्याचे केस किती वाढले त्याच्यावर बोलून राह्यलो.

या जरा अशा कुंपणापाशी, भाऊ घरातून ऐकतीन.

मी मुंबईले नोकरीत होतो तेव्हा धोबी तलावाले झेवियर कॉलेजच्या बाजूले रंगभवन होतं. वरून उघडं नाट्यगृह. तिथं ‘इंडिपेंडन्स रॉक’चा मेळा भरे. आम्ही दोस्त गंमत पाहाले जाऊ. त्या काळचा मोठा बँड म्हणजे ‘रॉक मशीन’, १९८४ ले निघालेला. गिटारवर महेश तिनईकर, गाणारा उदय बेनेगल. पह्यले दुसऱ्यायची इंग्रजी गाणी वाजवत, साऱ्यायनं तेच केलं. पण हे स्वतःच्या गाण्यावर आले. १९८८ ले ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ काढला, दोन वर्षांनी दुसरा अल्बम. १९९३ ले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, अन् त्यायच्या ‘प्रिटी चाइल्ड’ले एमटीव्हीचं बक्षीस भेटलं. आपल्या इकडच्या पोट्ट्यायले! मले वाटलं, आता हे थांबत नाहीत.

तर १९९७ ले बँड मोडला.

काऊन म्हणजे? कोण कोणाशी बोलत नव्हतं ते मले पुसू नका, तेवढी आतली खबर माझ्यापाशी नाही. पण तुम्हीच आठवा, तेव्हा चॅनल व्ही, एमटीव्ही सारे हिंदीवर आले होते. ज्या टीव्हीनं यायले डोक्यावर घेतलं त्याच टीव्हीवर जागा राह्यली नाही. उदय अन् बँडमधलाच जयेश गांधी न्यूयॉर्कले गेले. २०१० ले पुन्हा जमले, २०१२ ले ‘इव्हॉल्व’ नावाचा अल्बम काढला. चांगला आहे. पण मधली तेरा वर्षं कोण देते परत? अन् ते रंगभवन, तेही गेलं. आजूबाजूले दवाखाने, कॉलेज; आवाजाचे नियम आले, शांतता क्षेत्र झालं, रॉक बंद.

घाबरू नका बाप्पा, दुसरी गोष्ट ऐका. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत तो टकला जज बसे ना, चष्मेवाला? हाव, विशाल ददलानी, तोच. तो मुळात रॉकवाला. १९९३ ले मुंबईत कॉलेजच्या वयाच्या पोट्ट्यायनं ‘पेंटाग्राम’ उभा केला, त्याच्यात हा गाणारा. गिटारवर रँडॉल्फ कोरिया, बेसवर आपला पापल माने. १९९६ ले पह्यला अल्बम, दुसरा डायरेक्ट २००२ ले. २००५ ले इंग्लंडातल्या ग्लास्टनबरीले वाजवून आले. तिथं वाजवणारा भारतातला पह्यला बँड हाच.

आता गंमत पाहा. २००७ ले ‘ओम शांती ओम’ची गाणी याची अन् याच्या जोडीदार शेखरची, आपल्या साऱ्या काटोलात वाजत होती, तुमच्या घरच्या मुंजीतही वाजली. त्याच वर्षी पेंटाग्रामचा तिसरा अल्बम. २०११ ले शाहरुखच्या ‘रा.वन’ची गाणी, अन् त्याच वर्षी बँडच्या अल्बमचं नाव काय, तर ‘ब्लडीवूड’! लोक म्हणतीन सिनेमानं चांगला रॉकवाला बिघडवला. मी म्हणतो, चूल सिनेमावर होती म्हणून त्याले बँडपाशी पैसे मागा लागले नाहीत. अल्बम पाच-पाच वर्षांनी आले, येऊ द्या.

दिल्लीच्या किरोडीमल कॉलेजातला ‘परिक्रमा’ तर याच्याही पुढचा. १९९१ ची पैदास. गाणी इंटरनेटवर फुकट सोडून दिली, अल्बम काढायच्या नादीच लागले नाहीत. कमाई कार्यक्रमांची, कॉलेजाकॉलेजात जाऊन. २००७ ले आयर्न मेडन बँड बंगळुरूले आला तेव्हा त्याच्या आधी यायनं वाजवलं, अन् त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिवलले गेले. त्यायचा गिटारवाला सोनम शेर्पा २०२० ले वारला बिचारा, मंचावरचा माणूस. बँड चालूच आहे.

म्हणून म्हणतो, पोट्ट्याले बँड सोड म्हणू नका. अन् इंजिनिअरिंग सोड असंही म्हणू देऊ नका. आपल्या काटोलात किती संत्र्याच्या बागा मास्तरकीच्या पगारावर उभ्या आहेत, तुम्हाले मी सांगू? आंबिया बहार गळला तरी मास्तर झाड तोडत नाही, कारण एक तारखेले पगार येते. ज्याचं सारंच बागेवर आहे तो पह्यले कुऱ्हाड शोधते.

काय? भजनाले बसता तेव्हा हे असलं ऐकवत नाही? अवो, मुंबईचे ‘अभंग रिपोस्ट’वाले पोट्टे तुकोबाचे अभंग गिटार अन् ड्रमवर गातात. लावा एकदा मोबाइलवर, मंडळातल्या बायकायले ऐकवा. दोघीतिघी उठून जातीन, बाकीच्या टाळ काढतीन.

बरं, तालमी कुठं करून राह्यले? होस्टेलवाले करू देत नाहीत, म्हणून सुट्टीत इथं येणार? चौघंही? येऊ द्या, संत्री खातीन, राहतीन. पोट्टे चांगलेच असतात, नुसते दिसायलेच तसे. भाऊ काही म्हणाले तर मी आहे, सांगतो त्यायले दिल्ली-मुंबईचं सारं.

हां, एक पुसायचं राह्यलं. तुमचा वाजवते काय त्याच्यात? गिटार?

ड्रम?

वहिनी, मंग तुमची ती रस्त्याकडची खोली चांगली. हवाही येते, उजेडही येते. ही आमच्या बाजूची कशाले देता, हिले ओल आहे.