अभिप्राय: बेस हाये जी

सही मागणाऱ्या मुलांना जयंत नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. थोर माणूस, पण वाचकाला केवढा जाच! ‘आकाशाशी जडले नाते’ वाचायचं आणि वर शंकाही काढायची. आम्ही पोंभुर्णेकरांनी प्रथा सुधारली. पुस्तकाला खाकी कव्हर, दसऱ्याला हळदकुंकू, आणि अभिप्राय एकच: ‘बेस हाये जी.’

२००८ साली नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २७ ज्योतिषांना पत्रिकांवरून हुशार मुलं ओळखायला लावली. उत्तरं सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. हे वाचून आमचे गुरुजी भारावले. विज्ञान सप्ताहाचा मुहूर्त आता ते दोन ज्योतिषांकडून काढतात. ४६ आणि ४६, झाले ९२ टक्के.