हवा धरली

आमच्या मालेगावचे मिस्त्री (मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, नाशिकचं नव्हे, हे आम्हाला जन्मभर सांगत फिरावं लागतं) कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी एकच विचारतात, “कोनं खोल्लं होतं हे?”

गिऱ्हाईकाचं उत्तर ठरलेलं. “कोनीच नाई, मिस्त्री.”

मग मिस्त्री तंबाखू मळायला घेतात. मळून होईस्तोवर माणसाला खरं आठवेल, अशी त्यांची भाबडी आशा.

त्यांचा मूळ धंदा विहिरीवरच्या मोटारींचा, त्यामुळे सगळं जग त्यांना पंपासारखं दिसतं. जगात बिमाऱ्या दोनच: एक तर हवा धरली, नाही तर फुटबॉल गळते. (पाइपाच्या बुडाशी पाणी धरून ठेवणारा जो व्हॉल्व्ह, त्याला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. खेळाचा काही संबंध नाही.) माझ्या सासऱ्यांच्या दम्याला त्यांनी ‘हवा धरली’ म्हटलं. ग्रामपंचायतीबद्दल विचारलं तर म्हणाले, “वरून पैसा येते, टिकत नाई. फुटबॉल गळते.”

भादव्यात पुण्याहून भाचा आला तो परदेशी बनावटीच्या जुन्या मोटारसायकलवर. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून गेलाय, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. म्हणून बिचारा जुन्या रस्त्यानं, मेहकरवरून आला. बसस्टँडपाशी क्लच दाबून उभा होता. दाबलेलाच होता, तरी गाडी आपली आपण पुढं सरकली आणि केळीच्या गाड्याला भिडली. अर्धा डझन केळी घेऊन आम्ही मिस्त्रींकडे.

“कोनं खोल्लं होतं?”

“कुणीच नाही,” भाचा.

तंबाखू झाली. मिस्त्रींनी क्लचची वायर शोधायला सुरुवात केली. गाडीला दोन प्रदक्षिणा झाल्या, वायर नाही. बघ्यांची गर्दी वाढली. आता अब्रूचा प्रश्न होता.

“वायर नसते याला. हायड्रॉलिक आहे,” भाचा जरा पुणेरी सुरात.

“मंग हे नळी कायची?”

“तेलाची.”

“म्हंजे वर दट्ट्या, खाली दट्ट्या अन् मधात तेल?”

“हो.”

“असं सांग ना बाप्पा! पंप हाय हा.”

भाच्यानं व्याख्यान दिलं. यात ब्रेकचंच तेल, डॉट ४. ते हवेतली ओल शोषतं. नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरली की १५५ लाच उकळू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. मिस्त्री म्हणाले, “सोयाबीनवानीच हाय. ओल धरली का भाव पडला.”

हे तेल रंग खातं, म्हणून टाकीवर ओला बारदाना टाकला. ट्रॅक्टरचं डिझेल संपल्यावर हवा काढतात तसंच काम: भाच्यानं क्लच दाबून धरायचा, मिस्त्रींनी खालचा निप्पल पाव आटा सैल करायचा, बुडबुडा निघाला की आवळायचा, मगच क्लच सोडायचा. वर डबीत तेल घालायचं काम माझ्याकडं. ती रिकामी झाली की पुन्हा हवा, म्हणून मी शिव्या खाल्ल्या त्या आगाऊच. शेवटी सुतळीनं क्लच हँडलला रात्रभर बांधून ठेवला. राहिलेली हवा वर चढते म्हणे.

सकाळी क्लच ताठ. भाचा हसला. मिस्त्री हसले नाहीत. “दाबून धर. सोडू नोको.” मिनिटभरात दांडी मऊ होत हँडलला टेकली. बाहेर कुठं तेलाचा थेंब नाही.

“फुटबॉल गेली. तेल आतल्या आत परत पळून रायलं.”

वरचा दट्ट्या काढला. त्याचं रबर पावसात भिजलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं. मिस्त्रींनी ते बोटांत फिरवलं, हुंगलं. मग पुन्हा तंबाखूची पिशवी काढली.

“डॉटनं रबर असं फुगत नाई. कोनं खोल्लं होतं?”

चुना लावून झाला. मळणं झालं. तळहातावर थाप पडली.

“मीच,” भाचा म्हणाला. “तेल कमी दिसलं, व्हिडिओ बघून टाकलं. इंजिन ऑइल. एकच झाकण.”

मिस्त्रींचा चेहरा एकदम उजळला. वरचं-खालचं दोन्ही रबर नवं, नळी धुऊन घ्यायची, सामान पुण्याहून मागवायचं, एवढं सांगून त्यांनी स्वतःच्या पैशानं तीन चहा सांगितले. त्या दुकानात खरं बोललेला तो दुसरा माणूस. पहिला मी, आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या वेळी. मला मात्र तीन दिवस लागले होते.