सहलीत शर्ट केव्हा काढावा, केव्हा घालावा

निरवांगीच्या माणसाला पाण्यात उतरायला कोणाला विचारावं लागत नाही. नीरेच्या काठावर शर्ट फेकला, लेंगा फेकला, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर सूर मारला, झालं. हाच माणूस मे महिन्यात पाहुणेरावळे गोळा करून, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून शनिशिंगणापूर-शिर्डी-वेरूळला निघतो तेव्हा मात्र त्याला मार्गदर्शनाची नितांत गरज असते. या एका रस्त्यावर शर्टाबद्दल ठिकठिकाणी वेगळा कायदा आहे आणि एका कायद्याला दुसऱ्याचा पत्ता नाही.

शिंगणापूरला फारसं शिकवण्यासारखं उरलेलं नाही. पूर्वी तिथे पुरुषांनी आंघोळ करून, भगवं वस्त्र नेसून, ओलेत्याने आणि उघड्या अंगाने चौथऱ्यावर जायचं असे. गाडीत एखादे आबा असतातच, ते अजून त्याच हिशोबाने सुप्यापासूनच गुंड्या सोडायला लागतात. त्यांना आवरावं.

शिर्डीत उलट. भारतीय संस्कृतीला साजेशा वेशात दर्शनाला यावं, असे फलक संस्थानाने २०२० साली लावले होते. त्यावर वाद झाला, सामाजिक कार्यकर्त्या तृप्ती देसाई फलक काढायला निघाल्या, पोलिसांनी त्यांना वाटेतच अडवलं. आपण त्या वादात पडू नये. नेहरू शर्ट, पायजमा आणि टोपी हा आपल्याकडचा वेश कुठल्याही फलकाखालून बिनबोभाट जातो. बर्म्युडावाल्या पुतण्याला मात्र रांगेच्या मधोमध ठेवावं. फलक दिसला म्हणून गाडी मागे फिरवायचीही घाई करू नये. तुळजापूरला मे २०२३ मध्ये तोकड्या कपड्यांना मनाई करणारे फलक लागले आणि त्याच दिवशी उतरलेही. चहा घेईपर्यंत थांबलेला भाविक फायद्यात राहिला.

दर्शन झालं की पोरं वॉटर पार्कचा हट्ट धरतात. तो शिर्डीतच आहे, त्यामुळे ‘लांब पडतं’ ही सबब चालत नाही. खरा अभ्यास इथे लागतो. सकाळी ज्या सुती कपड्यांनी आपल्याला सभ्य ठरवलं, तेच दुपारी पाण्याच्या दारात गुन्हेगार ठरतात. अशा ठिकाणी नायलॉनचा पोशाख मागतात. आपल्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीला नीरेत पिढ्यान्‌पिढ्या मान असला तरी तिथे तिला कोणी ओळखत नाही. सँडो बनियन तर त्याहून वाईट. घातलं तर सुती म्हणून चालत नाही, काढलं तर ‘वर काहीतरी घाला’ असं शिट्टी वाजवून सांगणारा कोणी भेटू शकतो. चड्डी नायलॉनची असली तरी उघड्या छातीबद्दल दर पार्काचा न्याय निराळा, म्हणून तिकीट काढण्याआधी खिडकीवरच विचारावं. शिट्टीवाल्याशी वाद घालून आजवर कोणाची छाती जिंकलेली नाही.

नियमामागे कारण आहे, आणि मला ते पटतं. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे गाळणीत अडकतात. चेन आणि धातूची बटणं घसरगुंडीच्या फायबरला ओरखडे काढतात, नंतर तेच ओरखडे पुढच्याच्या पाठीला लागतात. सुटा पदर, ओढणी कुठे अडकेल सांगता येत नाही. एवढं समजावूनही काकी साडीवरच ठाम असतील तर त्यांच्याकडे पिशव्या सांभाळायला द्याव्यात. ते काम त्या मनापासून करतात. अमेरिकेत डिस्नेच्या कोरड्या बागांतही अंगात शर्ट आणि पायात काहीतरी असावंच लागतं, तेव्हा ‘आपण खेड्यातले म्हणून अडवतात’ असं दाजींनी मनाला लावून घेऊ नये. करगोटा आत खोचावा. भाड्याचा पोशाख घ्यावाच लागला तर आधी नाडी आहे का ते पाहावं, माप नंतर. डिपॉझिटची पावती पोशाखाच्या खिशात ठेवू नये. बाहेर येते तेव्हा तिचा लगदा झालेला असतो आणि त्या लगद्यावर पैसे परत मागताना आवाज आपोआप बसतो.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढूनच जावं लागतं. काल ज्यांना ‘अंगात घाला’ म्हणून तीनदा सांगितलं, ते आज लाजून मंडपात उभे राहतात. त्यांना ढकलावं लागतं. ज्याने वॉटर पार्कात छाती काढून फिरायचा हट्ट धरला होता, नेमका तोच इथे पोट आत ओढून घेतो.

आता शर्ट सांभाळायला बाहेर कोण थांबणार, हे आदल्या रात्रीच ठरवावं. ड्रायव्हर झोपलेला असतो. पोरं शर्ट टाकून पळतात. ज्यांचं दर्शन आधी उरकलंय अशा वडीलधाऱ्या माणसाकडे शर्ट द्यावेत. पाकीट आणि मोबाईल आधीच काकीकडे. आपल्याकडचे सगळेच शर्ट पांढरे असल्यामुळे निघतानाच प्रत्येकाच्या कॉलरला आतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून घ्यावा. हे केलं नाही तर भाऊंचा शर्ट घालून दाजी निरवांगीत उतरतात, आणि भाऊंच्या खिशातली उधारीची चिठ्ठी दाजींच्या बायकोच्या हाती लागते.