कुठल्या गुणसूत्राला विचारताय?

माशीसरांच्या घरी आंबे खायला जाऊ नये. आंबे उत्तम असतात, पण त्यातला एक सर मुद्दाम सडवतात आणि त्यावर जमलेल्या चिलटांची पाहुण्यांना ओळख करून देतात. "ही मेलानोगॅस्टर. किंवा सिम्युलन्स. नराचं जननांग भिंगाखाली बघितल्याशिवाय खात्री नाही!" हे वाक्य ते विहीणबाईंसमोरही म्हणतात. मग १९१९ साली स्टर्टेव्हंटने या दोन जाती वेगळ्या ओळखल्या, ती कथा रस संपेपर्यंत पुरते.

सरांचं माथं भडकतं ते वंशवृक्ष चुकीचा वाचला की. एखादा विद्यार्थी फळ्याकडे बघून म्हणतो, "सर, मेलानोगॅस्टर अगदी टोकाला आहे, म्हणजे सगळ्यांत प्रगत." सर काही न बोलता फाट्यापाशी फांदी फिरवून झाड पुन्हा काढतात. आता टोकाला सिम्युलन्स. "घ्या, झाली प्रगती!" कोण कोणाशेजारी बसलंय ते बघायचं नसतं, दोघांचा फाटा कुठे फुटला ते बघायचं. लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरदेवाला खेटून उभा असतो तो कोणाचाच कोणी नसतो, हा त्यांचा ठरलेला दाखला.

घरात चहातल्या साखरेवरूनही मतभेद न खपणारा हा माणूस जनुकांच्या भांडणात मात्र रमतो. याकुबा, इरेक्टा आणि मेलानोगॅस्टर या चिलटांच्या जातींतलं कोण कोणाला जवळचं? २००६ साली जनुकागणिक झाडं काढली तेव्हा ती एकमेकांशी जुळेनात. दोन फाटे इतके लागोपाठ फुटले होते की पूर्वजांमधली जुनी रूपं दोन्ही फाटे ओलांडून तशीच खाली आली. हे सांगताना सरांचा चेहरा नातवाचा निकाल लागल्यासारखा खुलतो.

त्यामुळे 'या दोन जाती कधी वेगळ्या झाल्या' असं त्यांना सरळ विचारण्यात अर्थ नाही. "कुठल्या गुणसूत्राला विचारताय?" नराकडे एक्स एकुलता एक. त्यात झालेला बदल झाकायला जोडीदार नाही. बदल फायद्याचा असला तर निवड त्याला लगेच उचलून धरते. म्हणून एक्सवरची काही जनुकं इतरांपेक्षा भराभर बदलतात, आणि एकाच वेगाचं घड्याळ सगळ्यांना लावलं की हिशेब फसतो. मुद्दा बिनतोड आहे. फक्त रिक्षावाल्याला तो ऐकवायची गरज नव्हती.

परवा शेजारच्या बारशाला आत्याबाईंनी भाबडेपणानं विचारलं, "सर, बाळ कोणावर गेलंय हो?"

"कुठल्या गुणसूत्राबद्दल म्हणता? मुलगा आहे, तेव्हा एक्स सगळाच्या सगळा आईकडचा."

पाळण्याभोवतीच्या बायका गप्प झाल्या. आत्याबाईंचा घुगऱ्यांचा हात थांबला. "म्हणजे आमच्या दादाचं काहीच नाही?"

"आहे की, वाय आहे," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण त्यात जनुकं फार थोडी."