पाऊण किलो बटाटे

२०११ च्या जानेवारीत बेंगळुरूतल्या लालबागेच्या पुष्पप्रदर्शनात गळ्यात बटाट्यांची पिशवी अडकवून फिरणारा एखादा गृहस्थ तुम्हाला दिसला असेल, तर तो नवस फेडत नव्हता. ते आमचे एक्सेलराव होते आणि ते कॅमेरा निवडत होते.

खरं नाव वेगळं आहे. एक्सेलराव हे आमच्या बिल्डिंगने केलेलं बारसं. मूळ गाव साताऱ्याकडचं, शिक्षण पुण्याचं, नोकरी बेंगळुरूत, व्हाइटफील्डला, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याची. राहायला मराठहळ्ळी. गावाच्या नावात मराठा दिसला म्हणून आम्ही दोघांनीही मोठ्या आशेने तिथे फ्लॅट घेतले. प्रत्यक्षात चार मराठी शब्द कानावर पडावेत म्हणून गणपतीत थेट गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळापर्यंत जावं लागतं. या शहरात अशा प्रवासात माणसाला इतका वेळ मिळतो की तो एक तर संन्यास घेतो किंवा एखाद्या विषयाचा सखोल अभ्यास करतो. एक्सेलरावांनी अभ्यास केला.

मुलगी झाली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या होत्या, "अहो, हिचे फोटो काढायला एक बरासा कॅमेरा घेऊन टाका." घेऊन टाका! घेऊन टाकायला एक्सेलराव कधी साधी कुंडीसुद्धा घेत नाहीत. त्यात काळही वैऱ्याचा. ऑगस्ट २०१० मध्ये निकॉनने डी३१०० हा नवशिक्यांचा डीएसएलआर जाहीर केला आणि त्याच महिन्यात कॅननने पॉवरशॉट एस९५. एक गळ्यात घालायचा, दुसरा खिशात टाकायचा. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट असती तर परवडत नाही म्हणून एक्सेलराव सुटले असते. पण फरक होता पाच-सात हजारांचा. मध्यमवर्गीय माणसाचा खरा छळ याच पाच-सात हजारांत होतो.

त्या रात्री त्यांनी शीट उघडली. उभ्या रकान्यात कॅमेरे, आडव्या ओळीत गुण, प्रत्येक गुणाला भारांक. 'मुलीचे फोटो' ही ओळ सुरुवातीला पहिली होती. दिवाळीपर्यंत ती बेचाळिसावी झाली.

मला त्यांनी सेन्सर समजावला तो आमच्याच डायनिंग टेबलवर. एक स्टीलचं ताट घेतलं, एक आमटीची वाटी घेतली. "पाऊस पडतोय असं समजा. पाऊस म्हणजे प्रकाश. ताटात जास्त पाणी जमणार की वाटीत?" मी म्हटलं, ताटात. "डीएसएलआरचा सेन्सर २३ बाय १५ मिलिमीटर. त्या खिशातल्याचा साडेसात बाय साडेपाच. म्हणजे आठपट मोठं ताट! संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटमध्ये वाटीवाल्याचा फोटो रवाळ येणार." रवाळ हा शब्द त्यांनी लाडवाबद्दल वापरावा अशा कौतुकाने वापरला. मी म्हटलं, मग झालं की, ताट घ्या. तसं त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागण्याची भीती स्पष्ट दिसली. दुसऱ्याच दिवशी सकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं. चेहरा उजळलेला. "अहो, वाटीवर पन्हळ मोठी आहे! एस९५ ची लेन्स एफ-दोन आहे. डीएसएलआरबरोबर फुकट येणारी साडेतीनपासून सुरू होते. वाइड अँगलला जवळजवळ तिप्पट प्रकाश आत येतो. म्हणजे आठपटीतले पुष्कळसे गेले." मग दोन दिवसांनी, "पण झूम केलं की पन्हळ अरुंद होते." हे असं.

डिसेंबरात ते डीएसएलआरच्या इतके जवळ आले होते की वहिनींनी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. अडलं एका मोटरीवर. अंधारात फोटो काढायला ५० मिलिमीटरची एक स्वस्त आणि मस्त लेन्स मिळते, तीही घ्यायची ठरली. तर तिला फोकस फिरवणारी मोटर नसते आणि डी३१०० च्या बॉडीतही ती नसते. फोकस हाताने करायचा. रांगणाऱ्या मुलीवर हाताने फोकस करेपर्यंत ती चालायला लागेल असा त्यांचा हिशेब. कॅननच्या तशाच स्वस्त लेन्समध्ये मात्र मोटर असते, म्हणून शीटमध्ये कॅननच्या डीएसएलआरचे तीन रकाने वाढले आणि शिरा आम्ही नुसताच खाल्ला.

"आणि त्या खिशातल्या कॅमेऱ्याला काय धाड भरलीय?" वहिनींनी विचारलं.

"तो बटण दाबल्यावर आधी विचार करतो. मग फोटो काढतो. तोवर समोरचं माणूस निघून गेलेलं असतं."

"म्हणजे तुमच्यासारखाच," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

बटाट्यांची कल्पनाही वहिनींचीच, पण ती त्यांनी वैतागून काढली होती आणि एक्सेलरावांनी ती गंभीरपणे घेतली. डी३१०० आणि त्याची लेन्स मिळून वजन पाऊण किलो. हे ओझं मुलीला कडेवर घेऊन दिवसभर पेलेल का? शीटमध्ये 'सुवाह्यता' या ओळीपुढे प्रश्नचिन्ह होतं. म्हणून कापडी पिशवीत काट्यावर मोजून पाऊण किलो बटाटे, पिशवी गळ्यात. आणि एस९५ दोनशे ग्रॅमच्या आतबाहेरचा, म्हणून पँटच्या खिशात पुण्याहून आलेलं बाकरवडीचं दोनशे ग्रॅमचं पाकीट. अशा सरंजामाने आम्ही दोन्ही कुटुंबं लालबागेत शिरलो.

प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला तिथे किती गर्दी असते हे बेंगळुरूकरांना सांगायला नको. ग्लास हाऊसची पायाभरणी १८८९ सालची, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेलं. आत फुलांचे डोंगर, बाहेर माणसांचे. ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा. एक्सेलराव तेवढे मोकळ्या हातांचे, त्यामुळे जो तो त्यांच्याच हातात आपला कॅमेरा देऊन "सार, ओंदु फोटो" म्हणू लागला. तासाभरात त्यांनी तेरा कुटुंबांचे फोटो काढले. चांगले काढले, हे मी शपथेवर सांगतो. गुडघा टेकवून, पिशवी पाठीवर फिरवून, ऊन कुठून येतंय ते बघून. प्रत्येकाला कॅमेरा परत देताना मॉडेलचा एक दोष सांगितला. तिपटूरहून आलेल्या एका आजोबांना त्यांनी आयएसओ समजावला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बटाटे काय भावाने म्हणून विचारलं.

आपल्या मुलीचा मात्र त्या दिवशी एकही फोटो निघाला नाही, कारण आमच्याकडे कॅमेराच नव्हता. माझा मी अजून घेतला नव्हता. एक्सेलरावांच्या शिफारशीची वाट बघत होतो.

शेवटी दमून आम्ही केंपेगौडांच्या बुरुजाखालच्या खडकावर बसलो. या खडकाचं वय तीनशे कोटी वर्षं सांगतात. एक्सेलराव त्यावर असे विसावले की जणू घरचंच कोणी भेटलं. खिशातलं पाकीट काढलं, तर बाकरवडीचा पार भुगा झालेला. तो त्यांनी आम्हाला चिमूट-चिमूट वाटला आणि घरी गेल्यावर एस९५ च्या रकान्यात नोंद केली : खिशात टाकून बसू नये.

त्यांना कलेची दृष्टी नाही असं म्हणाल तर ते खरं नाही. संडूरचे एम. वाय. घोरपडे हे त्यांचं दैवत. मराठा राजघराण्यातला माणूस, देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात कर्नाटकाचा अर्थमंत्री, आणि जंगलात जाऊन कृष्णधवल फोटो असे काढणार की जगाने नाव घ्यावं. एक्सेलराव हे सांगताना सद्गदित होतात. मी एकदा म्हटलं, "घोरपड्यांनी अख्ख्या राज्याचं अंदाजपत्रक मांडून वर फोटो काढले. तुमचं तीस हजारांचं अंदाजपत्रक किती दिवस पटलावर आहे?" त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखा वन्यजीवांचे फोटो काढणारा गुरू याच शहरात होता, यूथ फोटोग्राफिक सोसायटी इथे १९७१ पासून आहे. फोटोंचं प्रदर्शन लागलं की एक्सेलराव सगळ्यांच्या आधी हजर. पण ते वाघाच्या डोळ्यांत बघत नाहीत. चौकटीखाली लेन्सचा आकडा लिहिलाय का ते बघतात, आणि नसला तर वाघावर नाराज होतात.

या माणसाची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांनी दुसऱ्याला दिलेला सल्ला कधी चुकला नाही. ऑफिसातल्या नऊ जणांनी, बिल्डिंगमधल्या पाच जणांनी त्यांच्या सांगण्यावरून कॅमेरे घेतले. दुकानात ते बरोबर येत. तिथला पोऱ्या त्यांना लांबून ओळखे, बॅटरी चार्ज करून ठेवी आणि दुपारच्या चहात त्यांना धरी. पाच मिनिटांत माणूस ओळखून ते सांगत, "तुम्ही डीएसएलआर घेऊ नका, कपाटात राहील." मला त्यांनी हेच सांगितलं होतं. मी हट्टाने डीएसएलआर घेतला. तो कपाटात आहे.

मुलीचे वाढदिवस त्या चौदा कॅमेऱ्यांनी टिपले. पहिली पावलं चौथ्या मजल्यावरच्या रेड्डींच्या कॅमेऱ्यात आहेत, बालवाडीचं गॅदरिंग व्हाइटफील्डच्या कुणा टीम लीडच्या हार्ड डिस्कवर. एक्सेलरावांच्या घरी अल्बम नाही. कोणता फोटो कुणाकडे आहे, याची शीट आहे.

आता मुलगी दहावीत आहे. दरम्यान मोबाइलने खिशातल्या कॅमेऱ्यांना गिळलं, आणि निकॉनची ती नवशिक्यांची मालिका २०१८ च्या डी३५०० वर थांबली. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी एक्सेलराव सुतक असल्यासारखे बाल्कनीत बसून होते. मी समजूत काढायला गेलो तर म्हणाले, "बरं झालं घेतला नाही." पंधरा वर्षांत त्यांचा एवढा एकच निर्णय झालेला मी ऐकला.

आणि परवा मुलीने घरात सांगितलं की तिला जुना खिशातला डिजिटल कॅमेरा हवाय. मोबाइलचे फोटो फार गुळगुळीत येतात, तिच्या मैत्रिणींना तो रवाळपणाच आवडतो. एक्सेलराव ताडकन उठले, फाइल उघडली. "घाई करू नकोस," म्हणाले. "शनिवारी बसू." शुक्रवारी ती मैत्रिणीबरोबर मेट्रोने गेली आणि एस. पी. रोडवरून बाराशे रुपयांना एक जुना पॉवरशॉट घेऊन आली. बॅटरीत शिल्लक होती तेवढ्यात बापाचा एक फोटो काढला, लॅपटॉपसमोर, तोंड उघडं असलेला. फोटो छान आहे.

चार्जर मात्र दुकानदाराने दिला नाही. मूळ कंपनीचा शोधावा की स्वस्तातला चालेल, याची शीट काल रात्री सुरू झाली.